डावीकडचा झॉम्बी

लिफ्टचं दार उघडलं आणि आत एक मेलेला माणूस उभा होता.

गालाचं कातडं लोंबतंय, एक डोळा पांढराफटक, शर्ट कोपरापर्यंत लालभडक… आणि हातात पाण्याची बाटली. मी किंचाळले. मी किंचाळले म्हणून तोही किंचाळला. माझ्या हातातली कॉफी निम्मी त्याच्या शर्टावर सांडली, निम्मी माझ्या चपलांवर.

"सॉरी, सॉरी! घाबरू नका, मी शूटिंगचा माणूस आहे," तो म्हणाला. "रोज जिन्याने जातो, आज लिफ्ट घेतली. गच्ची कितव्या मजल्यावर आहे?"

"गच्ची सगळ्यात वरच असते!"

"हो… ते बरोबर आहे तुमचं."

मग मी त्याच्याकडे नीट बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. "तुम्ही! तुम्ही ते डावीकडचे ना? मागच्या रांगेतले? प्रत्येक शॉटमध्ये कॅमेऱ्याकडे बघणारे? अहो, तुमच्यापायी माझे किती चांगले शॉट फुकट गेलेत, कल्पना आहे?"

त्याने मान खाली घातली. एवढा ओशाळलेला झॉम्बी मी पहिल्यांदाच बघत होते. "बघू नका म्हटलं ना, की नजर हटकून तिकडेच जाते हो," तो पुटपुटला. दार बंद झालं, लिफ्ट वर गेली आणि मी ओल्या चपलांनी फचक फचक करत माझ्या एडिटिंगच्या खोलीकडे निघाले.

आता मी कोण ते सांगते. मी एडिटर. रोजचं काम जाहिरातींचं, म्हणजे साबण, गाद्या, पंखे. वीस सेकंदांत आटपलं पाहिजे, नाहीतर माणूस चॅनल बदलतो. त्यामुळे मला सगळ्याचीच घाई. जेवायची घाई, झोपायची घाई. आई तर म्हणते, "तू माणसांचं बोलणंसुद्धा मधेच कापतेस गं, एकदा कुणाचं पुरतं ऐकून तरी घे." तिचंही मी "हो गं, कळलं" म्हणून तिथेच तोडते.

तर माझा मावसभाऊ, आमचा दादा, झॉम्बींचा विनोदी सिनेमा काढत होता. मेलेली माणसं उठून शहरभर फिरतात आणि हसवतात, अशी त्याची कल्पना. खिसा रिकामा, हौस दांडगी. एडिटिंग अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. "घरचीच तर आहेस!" असं म्हटलं की संपलं.

शूट केलेलं हातात आलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. झॉम्बींची अख्खी फौज मिळून आठ जण. पहिल्या प्रसंगात जळून गेलेले काका तिसऱ्या प्रसंगात ठणठणीत हजर, आणि दोन्हीकडे चष्मा काढायचा राहिलेला. रक्त म्हणून जॅम. शूटिंग सगळं आमच्याच इमारतीच्या गच्चीवर आणि तिथे जनरेटरची अखंड घरघर, त्यामुळे तिथला आवाज वापरायचाच नाही, मागाहून गुरगुर भरायची असं ठरलेलं. मग काय, झॉम्बींना रान मोकळं. ओठ हलले की झालं! एक जण एकोणतिसाचा पाढा म्हणत चावायला धावायचा. हे मी पहिल्या दिवशी तेवढं ऐकलं. त्या घरघरीने कान किटले, आवाज बंद केला तो केलाच.

त्या दिवशी शूटिंग संपल्यावर दारावर टकटक झाली. डावीकडचा! अर्धा चेहरा धुतलेला, कानामागे कातडं चिकटवायचा डिंक तसाच, आणि हातात कॉफीचे दोन कप.

"नुकसानभरपाई," तो म्हणाला.

"ठेवा तिथे. आणि बसा, बसा. तुमचे प्रताप दाखवते."

मी त्याला त्याचे शॉट दाखवले. तो दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत सुटला. डिंकाचा उग्र वास येत होता, आणि तरीही मला त्याने उठून जाऊ नये असं वाटत होतं. असं मला सहसा कुणाबद्दल वाटत नाही. मी अस्वस्थ झाले आणि अस्वस्थ झाले की मी भांडते.

"खरं सांगा, हे असले सिनेमे बघतं तरी कोण?"

"मी बघतो."

"का पण?"

"मोठ्या सिनेमातला झॉम्बी खराच वाटतो, मग भीती वाटते. आमच्यातला बघितला की वाटतं, अरे, हे तर आपल्या बँकेतले काका! घरून डबा घेऊन मरायला आलेत." तो हसला. "माणसं जीव तोडून काहीतरी करताहेत आणि ते जमत नाहीये, हे दिसतं ना… मला त्यांच्यावर प्रेमच जडतं."

"जमत नाही ते नाहीच जमत! मुद्दाम वाईट केलं की आपोआप विनोद होतो असं दादाला वाटतं. हात गळून पडतो, एकदा हसू येतं. तिसऱ्यांदा पडला की माणूस घड्याळ बघतो. आणि मधला अर्धा तास… नुसते चालताहेत!"

"ते चालणं मी शिकवलंय," तो हळूच म्हणाला.

तेव्हा कळलं की तो फिजिओथेरपिस्ट आहे. आठवडाभर लोकांना नीट चालायला शिकवायचं आणि सुट्टीच्या दिवशी नीट चालणाऱ्यांना लंगडायला. खुर्चीवरून उठून त्याने दाखवलंच, एक खांदा पाडून, टाच फरफटत. मी पोट धरून हसले. त्याने मात्र हसणं थांबवून माझ्याकडे बघितलं… आणि बघतच राहिला.

"काय?" मी म्हणाले.

"काही नाही. एक सांगू—"

"आधी हा शॉट बघ!" आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते माझं मलाच कळलं नाही.

मग तो रोज यायला लागला. क्लिनिक सुटलं की येणार, कोपऱ्यातल्या मोडक्या स्टुलावर बसणार. मी दुपारपासूनच दाराकडे बघायला लागायचे. जिन्यात पाऊल वाजलं की हात थांबायचा. एकदा तर मी गादीच्या जाहिरातीत झॉम्बीचा शॉट लावून ठेवला, गिऱ्हाइकाने बघितला असता तर माझं काही खरं नव्हतं. आणि तो आला की? आला की मी बडबडायचे. नुसती बडबड. तो म्हणायचा, "ऐक ना…" की मी चटकन म्हणायचे, "ते राहू दे, हे बघ!" ऐकायचंही होतं आणि ऐकायची भीतीही वाटत होती. वेडेपणा, दुसरं काय!

अशातच दादाने एक नवा प्रसंग पाठवला. "डावीकडच्याने सुचवलाय. प्रेमाचा आहे," म्हणाला. गच्चीवर पुठ्ठ्याची तिकीट-खिडकी, आत दादाची बहीण. झॉम्बी खिडकीशी येतो, काहीतरी सांगायला तोंड उघडतो, ती खट्टकन खिडकी लावते. तो परत येतो, ती परत लावते. शेवटी तो बंद खिडकीकडे पाठ करून थेट कॅमेऱ्याकडे बघतो आणि ओठ हलवत राहतो… हलवतच राहतो. वाऱ्याने पुठ्ठा थरथरतोय आणि हा उभाच. मी नेहमीसारखा मुकाच बघितला. चार मिनिटं! एकही हशा नाही. आणि परत कॅमेऱ्याकडे बघतोय, शहाणा! मी तो प्रसंग सरळ काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी तो आला तो स्टुलावर बसलाच नाही. दारातच उभा राहिला.

"बघितलास?"

"बघितला."

"मग?"

"काढला."

"…काढला?"

"अरे, कंटाळवाणा आहे रे! ती ऐकत नाही, हा सांगत सुटलाय. कुणाला रस असणार त्यात?"

त्याने मोडक्या स्टुलाकडे एकदा बघितलं. मग म्हणाला, "तुला… कळलं ना पण सगळं?"

"न कळण्यासारखं काय आहे त्यात?"

"बरं," तो म्हणाला. फक्त 'बरं'. आणि जिना उतरून गेला.

त्यानंतर तो आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मी मेसेज केला, 'जिवंत आहेस का?' उत्तर आलं, 'हो. कामात आहे.' माझा जीव थाऱ्यावर राहीना. खुर्चीत बसवेना, उभं राहवेना. एवढंसं काम काढून टाकलं म्हणून कुणी एवढं रुसतं का? मी दादाला विचारलं तर म्हणाला, "मलाही काही बोलला नाही. पण तो प्रसंग परत घालू नका म्हणाला. तूच काही बोललीस का त्याला?"

"मी? मी काय बोलणार!" असं म्हणून फोन ठेवला आणि रडूच आलं. त्या मोडक्या स्टुलाकडे बघवेना.

खरं सांगते, मला त्याचा आवाज ऐकायचा होता. बस्स, बाकी काही नाही. म्हणून काढलेला प्रसंग शोधला, शेवटच्या तुकड्यावर आले आणि त्या गच्चीवरचा, त्या घरघरणाऱ्या जनरेटरचा आवाज पहिल्यांदा पूर्ण मोठा केला.

घरघर… घरघर… आणि त्याखाली तो.

"तू आता टेबलाशी बसून हे बघत असशील. समोर असलीस की बोलू देत नाहीस, म्हणून इथून सांगतोय. मला तू आवडतेस. चिडतेस तेव्हाही… चिडतेस तेव्हा जरा जास्तच. या बाकीच्यांना वाटतंय मी गुरगुरतोय. बरंय. उद्या येऊन विचारीन, बघितलास का म्हणून. तुला नको असेल तर काढून टाक. मी समजून जाईन, पुन्हा विषय काढणार नाही."

आणि मी काढून टाकला होता. वर त्याच्या तोंडावर सांगितलं होतं, कंटाळवाणा आहे म्हणून! न कळण्यासारखं काय आहे त्यात!

मी उठले, तशीच धावत सुटले. कम्प्युटर चालू, दिवे चालू. क्लिनिकचं दार ढकललं तेव्हा तो एका काकूंच्या पलंगाशी उभा होता. काकू उताण्या झोपून पाय हवेत धरून होत्या आणि तो आकडे मोजत होता. मला बघून त्याचे आकडे थांबले.

"काही काम होतं?" त्याने विचारलं. इतक्या सभ्यपणे, जणू मी कुणी नवी पेशंटच.

"मी आवाज लावला नव्हता!"

"काय?"

"तुझा प्रसंग… मी मुका बघितला. मी सगळंच मुकं बघते, त्या मेल्या जनरेटरमुळे! मला काहीच माहीत नव्हतं. कंटाळवाणा म्हणाले ते सिनेमाला म्हणाले, तुला नाही."

पलीकडे सायकल मारणारे एक आजोबा सायकल मारायचे थांबले.

"मग…" तो हळूच म्हणाला, "आता ऐकलास?"

"ऐकला. पुन्हा पुन्हा ऐकला."

"आणि?"

"आणि तो सिनेमात परत येणार नाही. आवाज लावूनही तो लांबलेलाच आहे, मी खोटं बोलणार नाही." त्याला हसू फुटलं, आणि ते बघून मला रडूच फुटलं. "पण मला तू आवडतोस. फार आवडतोस. तू येत नाहीस तर माझ्या हातून एक काम धड होत नाही. आता बोल तू काय ते. सगळं बोल. मी मध्ये बोलणार नाही."

तो बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात पलंगावरून आवाज आला.

"अहो डॉक्टर, मी पाय खाली घेऊ का?"

"घ्या काकू, घ्या! सॉरी!" तो गडबडून म्हणाला आणि लालबुंद झाला. मग माझ्याजवळ आला. इतका जवळ की बोलला ते फक्त मलाच ऐकू आलं. "इथे नको. घाईघाईत नको. मला बरंच बोलायचंय. अजून पाच पेशंट आहेत माझे… थांबशील?"

"थांबते," मी म्हणाले आणि काकूंच्या शेजारची खुर्ची ओढून बसले.