विद्यावेतनाची एकच जागा

बोरा सुटला होता. इटलीतल्या त्रिएस्तेत हा वारा सुटला की माणसानं कुठं चालायचं हे तोच ठरवतो... आणि आज नेमकी नेवियाची पीएचडीच्या प्रवेशाची तोंडी परीक्षा! विद्यापीठाच्या चढावर ती कठड्याला घट्ट धरून उभी होती. पुढं पाऊल टाकवेना, मागं फिरता येईना.

“हात देऊ? की कठड्याशीच लग्न लागलंय?”

तिनं वळून पाहिलं. विस्कटलेले केस, नाकापर्यंत गुंडाळलेला मफलर आणि दोन हसरे डोळे.

“आगाऊच आहेस,” असं म्हणत तिनं हात पुढे केला.

वर पोचल्यावरही हात सोडायचं दोघांच्या लक्षात आलं नाही. “मी तुल्लियो,” तो म्हणाला. “धातुशास्त्राच्या पीएचडीसाठी आलोय.”

नेवियानं हात झटकन काढून घेतला. “मीही.”

विद्यावेतनाची जागा एकच होती. ती हुकली तर गावी, मोन्फाल्कोनेला परतून मामाच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं. समुद्रातल्या जहाजांना लागणारा गंज, ज्यानं तिला वेड लावलं होतं, तो विषय मग कायमचा सुटणार होता.

“लांडग्याच्या तोंडात!” दारापाशी तुल्लियोनं शुभेच्छा द्यायच्या तिथल्या रीतीप्रमाणे म्हटलं. “मरो तो लांडगा” असं उत्तर द्यायचं, तर घाबरलेली नेविया चक्क “थँक्यू” म्हणाली!

“अगं, थँक्यू काय? अपशकुन की गं!” तो हसला.

परीक्षा सगळ्यांसमक्ष असते, कुणीही बसून ऐकावं. आधी त्याची पाळी होती. काय सुरेख बोलत होता! नेविया हनुवटीवर हात टेकून ऐकण्यात रमली... आणि मग एकदम आठवलं, हा आपलीच जागा खातोय.

तिचं नाव पुकारलं तेव्हा तो वाकून कुजबुजला, “मी बाहेर जाऊ?”

“नको... बस.”

आपण असं का म्हणालो, हे तिचं तिलाही कळलं नाही. सुरुवातीला आवाज कापला. पण गंजाचा विषय निघाला आणि ती सुसाट सुटली.

दुपारी कार्यालयातल्या बाईंनी निकाल वाचला. तुल्लियो पहिला, नेविया दुसरी.

“अभिनंदन,” ती कशीबशी म्हणाली आणि जिन्याकडे वळली.

“नेविया, थांब ना! तोरीनोच्या विद्यापीठातही माझी निवड झालीये. मी तिकडे गेलो तर ही जागा तुझी. पण तू ‘राहा’ म्हणालीस तर... राहतो.”

तिला रडूच फुटलं. “हे मला विचारूच नकोस! ‘जा’ म्हटलं तर जागेसाठी म्हटलं असं वाटेल. ‘राहा’ म्हटलं तर जन्मभर तुला टोमणे मारीन.”

मफलर सोडून तुल्लियोनं पुन्हा गुंडाळला.

“बरं. खरं सांगू? मला तिथली प्रयोगशाळा जास्त आवडलीये. सकाळपर्यंत तिथंच जायचं ठरलं होतं. मग तू भेटलीस, अन् सगळा घोळ झाला.” त्यानं तिच्यासमोरच फोन काढून तोरीनोला होकार कळवला. “झालं. जागा तुझी. आता कुणाची मर्जी राखायला नको.”

नेवियानं डोळे पुसले. “नक्की पाठवलंस?”

“हो गं.”

“आता परत घेता येणार नाही?”

“नाही.”

“मग ऐक,” ती म्हणाली आणि त्याचा मफलर दोन्ही हातांनी घट्ट धरला. “मला तू खूप आवडतोस... तू जाऊ नयेस असं वाटतंय.”