वाटेवरच्या अक्षता

तिकडे रोह्याच्या मांडवात वृंदामावशीचं लग्न, आणि इकडे मंगळावरच्या वस्तीत शाल्मली मुठीत अक्षता घेऊन भिंतीएवढ्या पडद्यासमोर ताटकळत उभी. आईबाबा कित्येक महिन्यांचा प्रवास करून लग्नाला गेले होते. लहान मुलांना त्या यानात बसू देत नाहीत, म्हणून ती आजोबांजवळ राहिली होती. मावशीने तिच्याकडे एकच गोष्ट मागितली होती. अंतरपाट दूर होताना तुझ्याही अक्षता पडायला हव्यात, मांडवातल्या पडद्यावर मी बघणार आहे.

पृथ्वीची वेळ दाखवणाऱ्या घड्याळात मुहूर्त झाला आणि शाल्मलीने अक्षता उधळल्या. मंगळावर कुठलीच वस्तू घाईने खाली पडत नाही, तशा त्याही सावकाश खाली आल्या. मग तिने पडद्याकडे पाहिलं आणि ती बुचकळ्यातच पडली. मावशी अजून मांडवात आलेलीसुद्धा नव्हती. नवरीचे मामा आत्ता कुठे तिला आणायला निघाले होते. पडद्याच्या कोपऱ्यात तर ठळक अक्षरं होती : थेट प्रक्षेपण.

आजोबा या वस्तीच्या प्रक्षेपण केंद्राचे प्रमुख. ते यंत्रखोलीतून बाहेर आले तेव्हा शाल्मलीने विचारलं, “आजोबा, घड्याळ खोटं की पडदा?”

दोन्ही खरं, असं म्हणत आजोबा तिच्याजवळ बसले. प्रक्षेपण (चित्र आणि आवाज लहरींवर चढवून दूर पाठवणे) कितीही चांगलं असलं तरी त्या लहरींना वाट चालावीच लागते. त्या प्रकाशाच्या वेगाने धावतात, त्याहून जास्त वेगाने काहीच धावत नाही. रोह्याहून पुण्याला त्या इतक्या झटकन पोहोचतात, की वेळ गेलेला कळतही नाही. आज पृथ्वी इतकी लांब आहे की त्यांना अकरा मिनिटं लागतात.

“मग याला थेट कसं म्हणायचं?”

थेट म्हणजे त्याच क्षणी दिसणारं नव्हे, आजोबांनी समजावलं. घडतंय तसं, मध्ये कुठे साठवून न ठेवता पाठवलेलं, ते थेट. आधी साठवून मग दाखवलं तर तो मुद्रित कार्यक्रम, आणि एकदा दाखवलेलं परत दाखवलं तर ते पुनःप्रक्षेपण.

शाल्मलीने मनातल्या मनात हिशेब केला. म्हणजे तिच्या अक्षताही अकरा मिनिटांनी पोहोचणार, लग्न लागून गेल्यावर. त्या आधी टाकायला हव्या होत्या, आणि यंत्रांच्या नादात आपण ते सांगायचंच विसरलो, हे आजोबांनी कबूल केलं. पण मुहूर्ताआधी अक्षता टाकतं का कुणी, असं म्हणून ती रडायलाच लागली. आजोबांनी तिला कुशीत घेतलं. त्यांनाही फार वाईट वाटत होतं.

पडद्यावर मंगलाष्टकं सुरू झाली आणि संपत आली. गुरुजींनी घड्याळ पाहिलं. अंतरपाटाआडून मावशी मात्र मांडवातल्या पडद्याकडे बघत होती. तिथे अकरा मिनिटांपूर्वीची शाल्मली दिसत होती, मूठ घट्ट मिटलेली.

“गुरुजी, थांबा,” मावशी म्हणाली. “आमच्या शाल्मलीची मूठ अजून बंद आहे. तिच्या अक्षता वाटेवर असतील.”

मुहूर्त टळेल, गुरुजी कुरकुरले. मावशी शाळेत विज्ञान शिकवायची, ती कसली ऐकते! पृथ्वीवरचा मुहूर्त झाला, मंगळावरचा अजून यायचाय, असं तिने त्यांना सांगून टाकलं. मग काय, स्वतः रचलेली मंगलाष्टकं घेऊन आलेल्या सगळ्या काकू-माम्यांचं फावलं. एकीचा सूर भलतीकडेच गेला, जेवणाच्या पंगती खोळंबल्या, तरी कुणी हूं की चूं केलं नाही.

अखेर मांडवातल्या पडद्यावरच्या शाल्मलीने मूठ उघडली. शेवटचा दाणा जमिनीला टेकेपर्यंत सगळा मांडव थांबला. मग अंतरपाट दूर झाला आणि वऱ्हाडाच्या अक्षतांनी मावशी न्हाऊन निघाली.

“हेसुद्धा थेटच ना, आजोबा?” शाल्मलीने डोळे पुसत विचारलं.

“अगदी थेट. तुझं चित्र तेवढं जाऊन परत आलंय.”

पुढे इथे कुणाचं लग्न निघालं, तर मावशीला अक्षता अकरा मिनिटं आधी टाकायला सांगायचं, हे शाल्मलीने ठरवूनच टाकलं. अकराच कशाला, आजोबा हसून म्हणाले, त्या दिवशी पृथ्वी किती लांब असेल ते मोजून सांग. मग ती कॅमेऱ्यासमोर गेली आणि म्हणाली, “मावशी, पोहोचल्या ना गं?”

उत्तर यायला वेळ होता. ती आजोबांच्या मांडीवर डोकं ठेवून निवांत वाट बघत पडली.