खांद्याचं माप

देवाने माणसाला खांदे दिले ते काही नुसती ओझी वाहायला नाहीत. हे तिला कळलं, तेही झोपेत!

संध्याकाळच्या कॉलेजातला भूगोलाचा तास. बाहेर भुरभुर पाऊस, आत पंख्याची घरघर आणि फळ्यापाशी बाईंचा तो संथ, एका सुरातला आवाज... दिवसभर शिलाई मशिनवर वाकलेली तिची मान हळूहळू कलली. जाग आली तेव्हा वर्ग रिकामा होत होता आणि तिचा गाल एका अनोळखी निळ्या शर्टावर टेकलेला होता.

"अगंबाई! सॉरी हं... तुम्ही उठवलं का नाही?"

"उठवणार होतो," तो खांदा चोळत म्हणाला, "पण वाटलं, कुणाला तरी कॉलेजचा एवढा फायदा होतोय. कशाला मोडता घाला?"

"मुंग्या आल्या ना?"

"मुंग्या? वारूळ झालंय!"

ती हसली. खूप दिवसांनी.

तो दिवसा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. म्हणून तो झाला 'चष्मेवाला', आणि ती अर्थातच 'झोपाळू'. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही आठवत नव्हतं. रोज ती त्याच्याच शेजारी बसायची, रोज जागं राहायचं ठरवायची आणि रोज तिची मान त्याच डाव्या खांद्यावर उतरायची. तास सुटला की बसथांब्यावर ती विचारायची, "आज काय हुकवलं मी?"

"आज वाळवंट हुकवलंस."

"मग कर सुरू तुझं निरूपण."

आणि तो सुरू करायचा. हातवारे करत, आवाज चढवत, उतरवत... वाळूच्या टेकड्या रात्रीतून कशा जागा बदलतात, वारा त्यांना कसा घडवतो. ऐन रंगात आलं की बस यायची. "उरलेलं उद्या!" तो ओरडायचा, आणि तिला खिडकीपाशी हसू आवरायचं नाही.

एकदा मात्र तिने विचारलंच. "खरं सांग, हे सगळं कशासाठी? पदवी घेऊन मी बटणंच लावणार, तू काचाच घासणार."

"हो."

"बस? नुसतं हो?"

"दमलोय गं. दमलो की मला खोटं बोलता येत नाही." त्याची नजर ओल्या रस्त्याकडे गेली. "पण काचा घासताना आता डोक्यात वाळवंट असतं... आधी नुसती समोरची भिंत असायची."

तिच्यासमोर तर भिंतच होती, काळ्या कापडाची. आईमागे तिला वाढवणाऱ्या मावशीच्या दुकानात एकच माल निघायचा, पदवीदान समारंभाचे गाऊन. मावशीचे गुडघे गेले होते, ऑर्डर वाढली होती.

"परीक्षा तोंडावर आलीय आणि ऑर्डरही तोंडावर आलीय," मावशी म्हणाली. "आता एकच तोंड निवड बाई. सोमवारपासून संध्याकाळी पण कात्री तुझ्याच हातात. दुकान पुढे तुझंच आहे ना?"

"शेवटचं वर्ष आहे गं मावशी."

"असू दे. कॉलेज म्हणजे आपला गाऊनच. माप घेतो का आपण कुणाचं? एकच पुठ्ठ्याचा फर्मा, ढगळ कापायचं, सगळ्यांवर चढवायचं. दिसतात आपले सगळेच शहाणे!"

तिने मान डोलावली. वाद घालायलाही अंगात जीव लागतो.

शनिवारी दुपारी मावशीने तिने कापलेला एक गाऊन उजेडात धरला आणि तिच्या भुवया वर गेल्या. "हे काय बेतलंयस? फर्मा ठेवला नव्हतास?"

नव्हता. तंद्रीत हात आपसूक चालला होता. खांदे रुंद पडले होते आणि डावा खांदा जरासा उतरता... रोज कुणाच्या तरी डोक्याचा भार पेलणाऱ्याचा असावा तसा.

"कोण आहे हा?"

"कुणी नाही..."

"कुणी नाही, त्याचे खांदे बरे भरदार आहेत!"

ती कानापर्यंत लाल झाली. पण ठरलं ते ठरलं. आज कॉलेजातला तिचा शेवटचा तास. आज त्याला सांगून टाकायचं.

तो आला तोच तांबारलेल्या डोळ्यांनी. दुकानात जोडीदार आजारी, दोघांचं काम एकट्यावर. "झोपाळू, आज जरा..." वाक्य अर्धंच राहिलं. त्याचं डोकं अलगद तिच्या खांद्यावर आलं.

झाली का पंचाईत! आता याला थांब्यावर आजचा धडा सांगणार कोण?

ती ताठ बसली. आणि पहिल्यांदाच तो एकसुरी आवाज तिला शब्दाशब्दाने ऐकू येऊ लागला. हे आपल्याला कुणाला तरी नेऊन द्यायचंय, म्हणून ती ऐकत होती. खांद्याला मुंग्या आल्या, तरी हलली नाही.

"काय हुकवलं मी?" थांब्यावर त्याने ओशाळून विचारलं.

"नदी हुकवलीस." तिने हात उचलला. "डोंगरात ती अल्लड असते बघ. नुसती धावते, काठ खरवडते, दिसेल ते उचलते. मग सपाटीला येते... दमते. दमली की वळणं घेते, अशी..." बाहीच्या गोलाईवर कात्री वळावी तसा तिचा हात हवेत वळला. "आणि चष्मेवाल्या, धावताना उचललेलं सगळं ती दमल्यावरच खाली ठेवते. तोच गाळ. शेतं त्याच्यावरच पिकतात."

त्याची बस आली, गेली.

"तुझी बस गेली."

"जाऊ दे. नदी अजून समुद्राला मिळायचीय."

ती म्हणाली, "आज मी कॉलेज सोडतेय हे सांगायला आले होते."

"...मग?"

"मग तू झोपलास."

पाऊस पत्र्यावर टपटपत होता. "मावशीला सांगणार आहे," ती सावकाश म्हणाली, "पहाटे उठून कापेन. पण संध्याकाळ माझी."

"जमेल?"

"दमेन. पण जमेल." तिने पदराचं नसलेलं टोक शोधावं तशी ओढणी बोटाला गुंडाळली. "आणि... एक गाऊन बिघडलाय माझ्या हातून. दुसऱ्या कुणालाच व्हायचा नाही. डावा खांदा उतरता आहे."

त्याचा हात नकळत आपल्या डाव्या खांद्यावर गेला. "माप कधी घेतलंस?"

"झोपेत," ती म्हणाली. "रोज."

तो बघतच राहिला... चष्मेवाल्याला पहिल्यांदाच नीट दिसत असावं तसा. "आणि तुझा गाऊन?"

"बेतायचाय अजून. आधी पास तर होऊ दे!"

तिची बस आली. त्याचं घर उलट्या दिशेला, तरी तो तिच्या मागोमाग चढला. तीही काही बोलली नाही, फक्त खिडकीकडे सरकून जागा केली.

शेवटच्या थांब्यावर कंडक्टरने दोघांना हलवून उठवलं. कोण कुणाच्या खांद्यावर होतं, ते काही त्याला सांगता आलं नाही.