पांढऱ्या झाकणाची नळी

मिठागरात खाडीचं पाणी घेण्यासाठी बांधाला लाकडी दार असतं, त्याला मानस म्हणतात. शुक्रवारी सकाळी धोंडिबाने मानशीची फळी वर ओढली, तर पाण्याबरोबर आधी केस आले. बेळगावकडून दर हंगामाला मिठाच्या कामावर येणारा हा दणकट गडी तिथेच बांधावर बसला.

प्रेत डॉ. कमलाक्षीचं होतं. धारगळच्या हायवेलगत एका खासगी प्रयोगशाळेत ती संशोधन करायची. मंगळवारपासून बेपत्ता होती.

फौजदार देवकी गावस यांनी तिच्या कोटाचा आतला, बटण लावलेला खिसा उघडला. त्यात अंगठ्याएवढी प्लास्टिकची नळी होती. झाकण पांढरं, आतलं पाणी पिकल्या जांभळासारखं गडद. पंचांना ताकीद देऊन देवकींनी नळी सापडल्याची गोष्ट आपल्यापाशीच ठेवली.

बांधावरून परतताना धोंडिबा हळूच म्हणाला, "बाई रोज हितं पाणी न्यायला यायच्या. परवा सांजेला बी मला दिसल्या, बांधावर उभ्या. मी हाक मारली, तर वळल्या न्हाईत."

देवकींनी मनात दिवस मोजला. परवा म्हणजे बुधवार. प्रेताच्या अवस्थेवरून कमलाक्षी तेव्हा पाण्याखाली होती.

प्रयोगशाळेतही भुताटकीचीच कुजबुज होती. गुरुवारी परदेशातून पाहुणे आले होते. कमलाक्षीचा सहकारी गौरेश याने आपलं यश म्हणून निळ्या झाकणाच्या नळ्या मांडल्या होत्या. मंगळवारपासून फ्रिजबाहेर, उकाड्यात ठेवूनही त्यांचा जांभळा रंग टिकतो, असा त्याचा दावा होता. वरचं कापड उचललं, तर सगळ्या नळ्या पिवळ्या पडलेल्या. बाय आपला रंग घेऊन गेली, असं म्हणत झाडलोट करणारी हौसा त्या खोलीत पाऊल टाकायला तयार नव्हती.

कमलाक्षीची विद्यार्थिनी सेजल रडून रडून थकली होती. देवकींनी तिला खिडकीशी बसवलं आणि हा रंग काय प्रकार आहे ते विचारलं.

मिठागरातल्या एका सूक्ष्मजीवाच्या आवरणात हे जांभळं प्रोटीन असतं, सेजल सांगू लागली. आवरण चरबीचं. प्रोटीन त्यातून सोडवायला साबणासारखं द्रव्य लागतं. पण साबण भोवतालची चरबीही धुऊन नेतो. मग प्रोटीनचा आकार ढासळतो, काम थांबतं, रंग उडतो.

"म्हणजे मरतंच म्हणा."

"हो. आम्ही वापरतो त्या साबणात फ्रिजमध्ये काही दिवस तग धरतं. या उकाड्यात एक दिवससुद्धा नाही. म्हणून बाईंनी चरबीची बारीक चकती करून त्यात ते बसवलं. आपल्या घरात असल्यासारखं राहतं, उन्हातही जगतं."

निळं झाकण चकतीचं आणि पांढरं नुसत्या साबणाचं, अशी तिथली खूण होती. चकती जमल्याचं बाईंनी सेजलला सांगितलं होतं. गौरेशसर मात्र म्हणत होते की बाई हरल्या, जमलं ते आपल्याला. शिवाय फ्रिजमधून नळ्या नाहीशा होतात म्हणून बाई गेल्या आठवड्यात अस्वस्थ होत्या.

देवकी थेट ठाण्यावर परतल्या. कपाटात कुलूपबंद असलेली ती पांढऱ्या झाकणाची नळी या हिशेबाने केव्हाच मरायला हवी होती; पण ती अजून जांभळीच होती.

ती नळी आणि प्रयोगशाळेतल्या पिवळ्या नळ्या तपासून झाल्यावर त्यांनी गौरेशला ठाण्यावर बोलावलं. तो नीट झोपला नव्हता, हे त्याच्या डोळ्यांत दिसत होतं.

"शेवटचं कधी पाहिलंत त्यांना?"

"मंगळवारी दुपारी. खचली होती. तिचा प्रयोग फसला होता."

"म्हणून जीव दिला?"

"दुसरं काय असणार? अपयश खिशात घेऊनच गेली बिचारी. साबणातली मेलेली नळी."

"कोणती नळी?"

गौरेश थांबला. "ती नेहमी एखादी जवळ ठेवायची."

"रंग?"

"पिवळा."

देवकींनी नळी टेबलावर उभी केली. त्याने खुर्ची मागे रेटली.

"ही जांभळी असूच शकत नाही. पांढरं झाकण आहे!"

"आहे खरं. तिच्या खिशात नळी होती हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, गौरेश. ज्याने ठेवली त्यालाच ते ठाऊक." देवकींचा आवाज चढला नाही. "प्रेत सापडेपर्यंत रंग उडेल आणि अपयशामुळे जीव दिला असं दिसेल, हा तुमचा अंदाज. पण नळ्या चोरीला जाताहेत हे तिने ओळखलं होतं. तिने झाकणांची अदलाबदल केली. निळी पाहून तुम्ही जे चोरलंत तो नुसता साबण होता. त्यातलं प्रोटीन पाहुण्यांसमोर मेलं. आणि टाकाऊ समजून तिच्या खिशात घातलंत ती चकती. तपासणीत या नळीत चरबी सापडली, तुमच्या नळ्यांत नाही. ती जिंकली होती, हे तुम्हीच तिच्या अंगावर ठेवून आलात."

गौरेश त्या रंगाकडे बघत हळू आवाजात बोलू लागला. मंगळवारी संध्याकाळी मानशीपाशी त्याने शोधावर आपलंही नाव मागितलं. ती नाही म्हणाली. त्याने ढकललं. भरतीची ओढ होती.

"तिने फळी धरली होती," तो म्हणाला. "म्हणाली, घाल तुझं नाव, पण हात दे."

"मग?"

"मी बांधावर उभा राहिलो. पाणी भरेपर्यंत. मग वाकून तिच्याच पिशवीतली नळी तिच्या खिशात घातली."

देवकी उठून बाहेर व्हरांड्यात आल्या. धोंडिबाला बांधावर कोण दिसलं होतं, याचा उलगडा मात्र त्यांना पुढेही झाला नाही.

मिठागराचं काम पुन्हा सुरू झालं. मानशीजवळच्या कप्प्यातलं मीठ त्या हंगामात कुणीच ओढलं नाही. त्या कप्प्यातलं पाणी उन्हात आटत आटत गुलाबी, मग जांभळं होत गेलं.