कार्बोरेटरचं पान

“ह्यात कार्बोरेटरचं पानच न्हाय.”

कुणीतरी अगदी कानाशी कुरकुरलं.

मी वळून बघितलं. मागं फक्त भिंत.

हे रंगवून सांगत नाही. तेवढी अक्कल असती तर शिलाई मशिनी कशाला दुरुस्त करत बसले असते? तेही पुस्तकं बघून शिकलेली बाई मी. गेल्या पौषातली, अवसेची भर दुपार. इंदापूरच्या एसटी स्टँडजवळचं जुन्या पुस्तकांचं दुकान. सोबत भाची मोना. दुकानदार लांब गल्ल्यावर घोरत होता.

मोनाचे वडील, दादासो, माझा थोरला भाऊ. दोन वर्षांपूर्वी राजदूत मोटारसायकल घेऊन डाळजकडं गेला. गाडी उजनी धरणाच्या पाण्याकाठी सापडली... स्टँडवर नीट उभी, कोरडी ठणठणीत.

भाऊ सापडला नाही.

काटेवाडीत घरी सगळे म्हणतात, “लांब कामाला गेलाय.” वहिनी रोज कुंकू लावते. तिचे अप्पा परततील तेव्हा गाडी चालू पाहिजे, हा मोनाचा हट्ट. म्हणून गाडीदुरुस्तीचं पुस्तक निवडायला मला आणलेलं.

“आत्या, ह्ये मराठीच घेऊ. फोटो झ्याक हायत.”

“फोटो लग्नाच्या अल्बमात बघ. आत्ता काही बोललीस का?”

“न्हाय.”

मी हातातलं ते मराठी पुस्तक चाळलं. इंजिन होतं, ब्रेक होते, रंगकाम होतं...

कार्बोरेटरचं पान मुळापासून फाडलेलं.

आवाज मी ओळखला होता. मोनाला सांगितलं नाही. गुपचूप दुसरं, तेलकट डागांचं जाड इंग्रजी पुस्तक घेतलं. त्यात ते पान होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोठ्याशेजारी गाडी उघडली. मोना वाचून मराठीत सांगायची, मी पेच सोडायची. वहिनी उंबऱ्यात.

“पेट्रोल जमतं ती खालची वाटी काढ, आत्या. घाण असंल तर पुसून घे.”

टाकी कधीच आटली होती. वाटी काढली...

पाणी.

गार, गढूळ. शेवाळाचा वास.

“गाडी धुतलीस व्हय गं?”

“हातबी लावला न्हाय.”

वाटी पुसली. कोरडी करून बसवली. मनाच्या समाधानासाठी पुन्हा काढली...

काठोकाठ भरलेली.

म्हशीनं रवंथ थांबवला. दावं ताणून ती भिंतीला टेकली.

“अप्पा आलं की त्यांनाच इचारू,” मोना म्हणाली.

वहिनी उठून आली. वाटीत बोट बुडवलं, नाकाशी नेलं. घाबरली नाही. आजही मशीनला तेल घालताना मला तिचा तो शांत चेहरा आठवतो, आणि तेलाची बाटली मी तशीच खाली ठेवते.

“वन्सं,” ती म्हणाली, “मला तर पहिल्या दिसापासनं ऐकू येतंय त्यांचं.”

मोनानं पुस्तक मिटलं. वहिनी तिच्याकडं वळली.

“ते बुडाल्यात.”