कोपरा दुमडलेली पट्टी

त्या दुपारी मी नेहमीसारखी पट्टी चिकटवायला रंगमंचावर गेले. प्रवेश बदलताना सगळे दिवे जातात. तेव्हा नटांना आपली जागा सापडावी म्हणून ही अंधारात चमकणारी पट्टी. त्या दिवशी माझ्या लेकीचा पहिला प्रयोग होता, आणि तिच्या जागेपासून चार पावलांवर तळघरात उघडणारी झडप.

याच झडपेत आमच्या बाईसाहेब पडल्या होत्या. सौंदर्यस्पर्धेचा मुकुट जिंकून नाटकात आलेल्या. आधी लोक चेहरा बघायला यायचे, पुढे आवाज ऐकायला. मुकुट त्यांनी मला टाचण्या अडकवायला देऊन टाकला होता! एकदा मी डावी बाजू नटांच्या डाव्या हाताची धरायची ती प्रेक्षकांच्या डाव्या हाताची धरली, आणि पट्टी झडपेलगत लागली. बाईसाहेबांचा एक पाय कायमचा फरफटत राहिला, नाटक गेलं, मागेपुढे करणारी माणसं पांगली. चौकशीत त्या एवढंच म्हणाल्या, "माझंच पाऊल चुकलं." माझी नोकरी राहिली, लेक शिकली. ते उपकार सात जन्मांत फिटायचे नाहीत. पुढे त्या वारल्या, पण त्याआधी म्हणाल्या होत्या, "पोरीच्या पहिल्या प्रयोगाला येणार हं मी."

प्रयोगात दिवे गेले. विंगेतून मी पाहिलं... पट्टी हलत होती. ती सुटून लेकीच्या झग्याच्या घोळाला चिकटली होती, आणि खूण शोधत पोर झडपेकडे निघाली होती. पुढच्या प्रवेशासाठी झडप उघडी. माझी वाचाच बसली.

तेवढ्यात एक टाच वाजली. मागून फरफट. टाच... फरफट... पट्टी थांबली. हळूहळू मागे आली.

उजेड आला तेव्हा लेक बरोबर जागेवर उभी होती.

"आई, बरं झालं हात धरून मागे आणलंस," नंतर ती म्हणाली. "पण केवढा गार गं तुझा हात!"

मी विंगेतून हललेच नव्हते.

सगळे गेल्यावर मी रंगमंचावर गेले. लेकीच्या जागी दुसरीच पट्टी होती, एक कोपरा आत दुमडलेली. टाच अडकू नये म्हणून बाईसाहेब तशी दुमडायच्या. मला रडू आवरेना. "बाईसाहेब, माझी पोर वाचवलीत..."

बंद झडपेखाली जिन्यावर टाच वाजली. मग फरफट. वर येत होती. भीतीनं जीव अर्धा झाला, पण पळू कुठल्या तोंडानं? मी झडप उघडली आणि हात पुढे केला. तो कुणीतरी धरला.

हा बघा, माझा उजवा हात. हात लावून बघा, केवढा गार. इतकी वर्षं झाली... त्यांनी अजून सोडलेला नाही.