तात्यांचा दोनचा आकडा

खोटं बोलणं माझ्या नोकरीत परवडत नाही. म्हणून जसं घडलं तसंच सांगते. विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. माझं काही अडलेलं नाही.

गेल्या मार्चमधला मंगळवार. भरदुपार. पावणेबारा.

मी सूर्याचा रोजचा अंदाज देते. सूर्यावर डाग किती, स्फोट झाला का, पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात वादळ येईल का... शून्य ते नऊमधला एक आकडा ठरवायचा आणि बाराला पत्रक पाठवायचं. दोन म्हणजे शांत. सात म्हणजे रेडिओ बंद पडू शकतात, छोटी विमानं जमिनीवरच थांबतात.

माझा धाकटा भाऊ असंच छोटं विमान उडवतो. त्या दिवशी तो साडेबाराला निघणार होता.

आणि दोन दिवसांपूर्वीच्या स्फोटाचा झोत आमच्याच दिशेने येत होता.

माझ्या आधी या खुर्चीत तात्या बसायचे. एकदा त्यांनी कंटाळा केला. कालचंच पत्रक उघडलं, तारीख तेवढी बदलली. आकडा राहिला दोन. वादळ आलं. एक विमान परत आलं नाही. "माझा आकडा बरोबरच होता," असं तात्या शेवटपर्यंत म्हणत राहिले. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं.

मी पत्रकात सात लिहिला.

पाणी प्यायले, वळून पाहिलं... दोन.

म्हटलं, आपलाच हात चुकला असेल. पुन्हा सात. या वेळी नजर हलवली नाही.

पंखा थांबला. यंत्रांची घरघर थांबली. रस्त्यावरचा आवाजही नाही...

सात पुसला गेला, तिथे दोन उमटला. माझ्या डोळ्यांदेखत.

मागे खुर्ची करकरली. त्या खोलीत खुर्ची एकच आहे, आणि तिच्यात मी बसले होते.

घाबरले का? चांगलीच. पण त्याहून जास्त, तळपायाची आग मस्तकात गेली.

"तात्या," मी मागे न बघता म्हणाले, "तुमचा दोन खरा ठरवायला माझ्या भावाचा जीव मिळणार नाही. काय करायचं ते करा."

विमानतळावरच्या कारकुनाला फोन लावला. "पत्रक आज येणार नाही. सात लिहून घ्या. माझ्यानंतर कुणीही काहीही सांगितलं तरी बदलायचं नाही."

"कुणीही म्हणजे मॅडम?"

"कुणीही."

मानेवर श्वास लागत होता... थंडगार. तरी मी आकडा कारकुनाकडून तीनदा वदवून घेतला. मग बाकीच्या ठिकाणीही फोनवरूनच कळवलं.

दीडला आकाश निळंशार होतं. आणि सगळे रेडिओ गप्प झाले. पाच तास.

संध्याकाळी भाऊ घरी आला. "ताई, तुझ्यामुळे बाकावर बसून कंबर मोडली," म्हणाला. मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि रडले.

मग तो म्हणाला, "कारकून सांगत होता, तुझ्यानंतर एका म्हाताऱ्याचा फोन आला होता. भांडला नाही. नुसता विनवत होता... एकदा दोन लिहा हो, म्हणून."

साहेब म्हणाले, खोली बदलून घ्या. मी नाही बदलली. का बदलू? खुर्ची आता माझी आहे.

अजूनही पावणेबाराला मागे कुणीतरी येऊन उभं राहतं. मी आकडा मोठ्याने वाचते आणि पाठवते, त्यांच्या नाकावर टिच्चून.

फक्त ज्या दिवशी सूर्य खरंच शांत असतो आणि मला दोन लिहावा लागतो, त्या दिवशी पाठवण्याआधी मी तो तीनदा पुसून पुन्हा लिहिते. तो दोन मी लिहिलेला की त्यांनी, हे मला अजून सांगता येत नाही.